टांगा गेला, घोडा राहिला

बँकेत पूर्वदाखल्याशिवाय पान हलत नाही. टेबलाचा पाय मोडला तरी पहिला प्रश्न येतो, "मागे मोडला होता तेव्हा काय केलं होतं?" माझी वीस वर्षांची नोकरी अशा मोडक्या पायांचे जुने कागद शोधण्यात गेली आहे. त्यामुळे मिरजेच्या टांगेवाल्या चाचांनी जेव्हा मला विचारले, "सायेब, म्हाताऱ्या घोड्याचं काय करत्यात वो?" तेव्हा मी सवयीने म्हणालो, "पूर्वदाखला बघून सांगतो." तिथेच माझी घोडचूक झाली.

वास्तविक घोड्याशी माझा काडीचा संबंध नाही. जन्मात एकदाच मी घोड्यावर बसलो, तो स्वतःच्या वरातीत. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत सबंध सातारा शहराने मला पाहिले. त्या घोड्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते, तेच पुढे सासरेबुवांच्या चेहऱ्यावर कायमचे बसले. बाकी शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी सांगलीला, आणि इतिहास म्हणजे 'थोडक्यात उत्तरे लिहा' एवढाच.

चाचा आले होते पोराच्या रिक्षाच्या कर्जासाठी. मुद्रा योजना २०१५ साली निघाली तेव्हापासून आमच्या टेबलासमोरची बाकडी कधी रिकामी राहिली नाहीत. मी फॉर्म पुढे ओढला. 'अर्जदाराची सध्याची मालमत्ता' या रकान्याशी आलो.

"काय काय आहे, चाचा?"

"एक टांगा हाय. एक घोडा हाय."

"घोड्याचं वय?"

"बावीस."

मी पदवीधर माणूस. घसारा म्हणजे काय हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. वस्तूचे आयुष्य धरायचे, किमतीला तेवढ्या वर्षांनी भागायचे आणि दरसाल तेवढे वजा करायचे. बावीस वर्षांच्या घोड्याचे गणित मनातल्या मनात झाले. मी रकान्यात लिहिले, 'घोडा, एक, किंमत शून्य.'

"काय लिवलं, सायेब?"

"शून्य."

चाचा क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "बरूबर हाय. पर खातो मात्र शून्य न्हाई."

कर्ज मंजूर झाले, पण चाचांच्या वाट्याच्या रकमेत दहा हजार कमी पडत होते. आणि गंमत अशी, की नेमके दहा हजार द्यायला एक वीटभट्टीवाला तयार होता. माझ्या शून्याची बाजारात एवढी किंमत होती! भट्टीवर कच्च्या विटा वाहायला घोडी, खेचरे, गाढवे लागतात. तिथे म्हाताऱ्याचे वर्ष, फार तर दीड वर्ष निघाले असते, आणि मग खऱ्या अर्थाने शून्य झाले असते. चाचांनी त्याला परत पाठवले आणि ते माझ्याकडे आले. कर्जाच्या माणसाला सगळे ठाऊक असते, अशी गरीब माणसाची एक भाबडी समजूत असते. तिच्यावर आमच्या बँका चालतात.

तात्पर्य, मी पूर्वदाखले शोधायला वाचनालयात जाऊ लागलो. हिला वाटले, नवऱ्याने अखेर खात्याच्या परीक्षेचा अभ्यास घेतला. मी घेतली होती सभासदाची बखर.

मराठ्यांचा इतिहास म्हणजे निम्मा घोड्यांचा इतिहास, हे तेव्हा मला कळले. आणि तो वाचताना मला सारखे आपण बँकेतच बसलो आहोत असे वाटे. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकार. बारगीर म्हणजे ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळे तो. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो. आमच्या भाषेत, एकाला ऑफिसची गाडी आणि दुसऱ्याला स्वतःची स्कूटर नि पेट्रोलभत्ता. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्यांच्या दिमतीला एक पखालजी आणि एक नालबंद, अशी चोख आस्थापना. पुढे शिलेदाराला मोहिमेवर निघण्याआधी आगाऊ रक्कम मिळू लागली, तिचे नाव नालबंदी. म्हणजे सणाच्या आधी आम्ही उचलतो तो फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स! फरक इतकाच, की ते उचलून अटकेपार गेले आणि आम्ही तुळशीबागेपलीकडे गेलो नाही.

मोगलांकडे तर याहून मजा. मनसबदार हजेरीच्या दिवशी दुसऱ्याचेच घोडे उभे करून पगार उचलत. म्हणून अकबराने घोड्यांना डाग देण्याची जुनी पद्धत पुन्हा कडक केली आणि स्वारांच्या चेहऱ्यांची वर्णने लिहून ठेवायला लावली. मी हे वाचून मांडीवर थाप मारली. आजही बँक गाईम्हशीसाठी कर्ज देते तेव्हा विम्यासाठी तिच्या कानात बिल्ला मारतात, तो याच कारणासाठी. चारशे वर्षांत जनावर बदलले, कर्जदारावरचा अविश्वास तसाच आहे.

हे सगळे वाहून नेणारे जनावर कोणते? तर आपल्या भीमथडीचे तट्टू. भीमेच्या खोऱ्यातले हे बुटके, काटक घोडे. बाहेरून येणाऱ्या अरबी-तुर्की रक्ताचा थोडा गुण आणि आपल्या माळाचा चिवटपणा. चित्रातल्या घोड्यासारखा डौल नाही, पण मूठभर दाण्यावर आणि मिळेल त्या गवतावर मुलूखच्या मुलूख पालथा घालणारे. आजही धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारे तट्टू दिसते ना, तेच हे. अलीकडे भीमथडीला घोड्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली. म्हणजे पेशव्यांच्या फौजा ज्याच्या पाठीवरून उत्तरेत गेल्या, त्याला ओळखपत्र आत्ता मिळाले. सरकारी कामाला वेळ लागतो, हे तरी नवीन नाही.

चाचांचा घोडा याच गोतातला. तांबूस रंग, आखूड पाय, कपाळावर पांढरा ठिपका. नाव राजा. मिरज स्टेशनबाहेर एके काळी टांग्यांची रांग लागे. कोणी दवाखान्यात निघालेला, कोणी मीरासाहेबांच्या दर्ग्याला. त्या रांगेतल्या उरल्यासुरल्यांत हा शेवटपर्यंत उभा होता.

आता मूळ प्रश्न. घोडा विकत घ्यावा कसा, त्याला नाल ठोकावा कसा, डाग द्यावा कसा, सगळे मिळाले. तो लढाईत पडला तर काय, याचीही चर्चा मिळाली. पण तो पडलाच नाही, नुसता म्हातारा झाला, तर?

मोठ्या नावांकडे वळलो. राणा प्रतापाचा चेतक. हळदीघाटीची लढाई साधारणपणे १८ जून १५७६ ची मानतात. जखमी चेतकाने धन्याला वाचवले आणि प्राण सोडला. तिथे त्याचे स्मारक आहे. सिकंदराचा ब्युसेफॅलस झेलमच्या काठी मेला आणि त्याच्या नावाने शहर वसले. मी टिपण केले. स्मारक मिळवायचे तर घोड्याने वेळेवर मरावे लागते. हयात राहणाऱ्याची इतिहासात नोंद नाही आणि लेजरात किंमत नाही.

एक मात्र सापडला, तोही शत्रूच्या गोटात. आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ साली आसईला आपल्या शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला तो. त्या लढाईत त्याचा एक घोडा मारला गेला आणि दुसरा भाल्याने जखमी झाला. पुढे हाच गृहस्थ ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या लढाईत दिवसभर कोपनहेगन नावाच्या घोड्यावर बसून राहिला. (तारीख पुन्हा १८ जून! घोड्यांनी त्या दिवशी रजा टाकायला हरकत नाही.) या कोपनहेगनला ड्यूकने आपल्या इस्टेटीवर नेऊन ठेवले. १८३६ साली तो मेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि त्याला लष्करी इतमामाने पुरले. निवृत्तिवेतन, निवासस्थान आणि अंत्यविधीचा खर्च, सगळे मिळालेला हा पहिला घोडा मला भेटला.

मी आनंदाने चाचांना ही हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, "त्या सायबाची इस्टेट केवढी व्हती?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. चाचांची इस्टेट म्हणजे दोन खोल्या आणि पुढचा पत्रा. पत्र्याखाली आता रिक्षा उभी राहणार होती.

मध्यंतरी टांग्याची सोय मात्र झाली, तीही एका दिवसात. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला दारात शोभेसाठी टांगा हवाच होता. त्याने तो रोख नेला, रंगवला, दिव्यांच्या माळा सोडल्या. चाचांचे अडलेले दहा हजार तिथून उभे राहिले. आज लोक त्या टांग्यात बसून फोटो काढतात आणि जुने दिवस किती छान होते म्हणतात. जुन्या दिवसांतले लाकूड सगळ्यांना हवे असते. जुन्या दिवसांतले तोंड, ज्याला रोज खायला लागते, ते कोणालाच नको.

हा प्रश्न काही एकट्या मिरजेचा नव्हे. आमच्या सातारा जिल्ह्यातच एके काळी वाठार स्टेशनावर उतरून साहेबलोक टांग्याने महाबळेश्वरला जात. मोटारी आल्या आणि ते टांगे गेले; घोडे कुठे गेले ते कोणी विचारले नाही. मुंबईत जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करायला सांगितले. मालक आणि चालक यांच्या पुनर्वसनाच्या योजना झाल्या. २०२१ साली विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरियाही आल्या, अगदी हुबेहूब, फक्त पुढे घोडा नाही. माणसाला नुकसानभरपाई मागता येते, अर्ज करता येतो, मोर्चा काढता येतो. घोड्याला फार तर खिंकाळता येते.

मग मी प्रत्यक्ष प्रयत्नांना लागलो. बँकेच्या सवयीप्रमाणे यादी केली.

पहिला बँडवाला. वरातीसाठी घोडा हवा का? त्याने राजाच्या तोंडात हात घालून दात पाहिले आणि म्हणाला, "धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणू नये; पण साहेब, नवरा जड असतो हो." शिवाय वरातीला पांढरी घोडी लागते. माझ्या वरातीत कोणता रंग होता हे मला आठवेना. त्या दिवशी माझे लक्ष दुसऱ्याच संकटाकडे होते.

दुसरा पाचगणीच्या टेबललँडवर घोडे फिरवणाऱ्यांपैकी एक. तो म्हणाला, "पाहुण्याला फोटोत ऐटदार घोडा लागतो. ह्यो फोटोत झोपलेला दिसंल."

तिसरी एक शाळा. त्यांना १९ फेब्रुवारीच्या मिरवणुकीला घोडा हवा होता, पण एकच दिवस. आम्ही नेला. बालशिवाजी जिरेटोप सावरीत वर बसला. ध्वनिक्षेपकाची भिंत सुरू झाली मात्र, राजाने स्टेशनवरचा शांतपणा दाखवला: तो जागीच थांबला. चुचकारले, हरभरे दाखवले, पुढून ओढले, मागून ढकलले. घोडं जे पेंड खाऊ लागलं ते शेवटपर्यंत. अखेर महाराज खाली उतरले आणि गुरुजींच्या स्कूटरवर बसून मिरवणुकीत सामील झाले.

चौथे एक पांजरपोळ. पांजरपोळाचा इतिहास मी वाचलेला होता. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्यावरून दंगल उसळली आणि त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने तिथले पांजरपोळ उभे राहिले, वगैरे. मी तेवढे सगळे तिथल्या कारकुनाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "जागा नाही." मला एकदम आपलाच माणूस भेटल्यासारखे वाटले. मीही कर्जदाराला असेच ऐकून घेतो.

चाचा रोज संध्याकाळी बँक सुटायच्या वेळी येत. काही विचारत नसत. नुसते बाहेर उभे राहत. एकदा मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते राजासाठी कोंडा भिजवत होते. म्हातारपणी घोड्याच्या दाढा झिजतात, कडबा चावत नाही. मग मऊ करून द्यावे लागते. चाचांच्या स्वतःच्याही चार दाढा गेलेल्या. दोघांचे जेवण साधारण एकाच पातेल्यात शिजे. रिक्षा पत्र्याखाली आणि राजा पावसात, अशी रात्र मला दिसू लागली.

त्या रात्री मी पुन्हा पुस्तक उघडले आणि मला हवा तो कागद सापडला. राज्याभिषेकाच्या सुमाराला शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातल्या छावणीच्या अंमलदारांना धाडलेले पत्र. आपण सगळे ते एकाच कारणासाठी आठवतो: रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हे त्यात आहे म्हणून. पण त्यात घोड्यांचेही आहे. साठवलेला दाणा नि वैरण आत्ताच बेफाम उधळलीत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, गवताला आग लागेल, इथपर्यंत राजाचे लक्ष. लढाईत पडलेल्या घोड्याचा हिशेब कोणीही ठेवील. दावणीला बांधलेल्या घोड्याचा हिशेब त्याने ठेवला. जनावर आपसूक मरत नाही. कोणाच्या तरी निष्काळजीपणाच्या खात्यावर ते नावे पडते. वीस वर्षांच्या नोकरीत इतकी स्वच्छ नोंद मी पाहिली नव्हती.

आणि मला उमगले, की चाचांना रिक्षाचे कर्ज मी दिले होते. पत्र्याखालची जागा माझ्या सहीने गेली होती. त्या घोड्याच्या रकान्यातले शून्य माझ्या हस्ताक्षरात होते.

सांगली भागात २००३ पासून 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था कामाच्या बैलांवर, घोड्यांवर, गाढवांवर फुकट उपचार करते आणि थकलेल्या काही जनावरांना आसराही देते. तिथे विचारायला मी निघालोच होतो. चाचांना मात्र 'फुकट' या शब्दाचा संशय. "फुकट कोण देतंय, सायेब? तुमी तरी देता का?" एवढ्यात साताऱ्याहून मामांचा फोन आला. भाचीच्या लग्नाचे बोलणे होते. बोलता बोलता मी घोड्याचे सांगितले.

मामांची शेती माहुलीच्या बाजूला. वय पंचाहत्तर, बोलणे तिखट.

"घोडा काय काम करतो?" मामांनी विचारले.

"काही नाही."

"मग तुझ्या बँकेतच ठेव की."

मी गप्प राहिलो. मामाही गप्प राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "ट्रॅक्टर घेतला तवा बैलजोडी बाजारात दिली. जाताना त्यातला पांढऱ्या मागं वळून बघत व्हता. दहा वर्सं झाली. गोठ्यात एक म्हस हाय नि तिची रेडी. बाकी मोकळाच हाय. आण त्याला."

टेम्पो ठरवला. चाचांनी राजाला शेवटचा खरारा केला, तोबरा, दावे आणि घुंगरांचा पट्टा एका पोत्यात भरून दिला. टेम्पोत चाचा स्वतः त्याच्याजवळ मागे उभे राहिले. सव्वाशे किलोमीटर. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो होतो. माझ्याने मागे वळून बघवले नाही.

साताऱ्यात शिरण्याआधी आम्ही संगम माहुलीला थांबलो. इथे कृष्णा आणि वेण्णा मिळतात. इथेच थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघाची चाहूल देऊन त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. साताऱ्याच्या पोरांना ही गोष्ट पाळण्यातच कळते. मी ती चाचांना सांगितली. या वेळी त्यांनी इस्टेटीचे विचारले नाही. घाटाच्या कडेला राजाला पाण्यात उतरवला, पाठ चोळली आणि म्हणाले, "सायेब, हेच पानी फुडं आमच्या सांगलीला येतंय न्हवं?"

"हो, तेच."

"मग ठीक हाय."

घोडं गंगेत न्हालं, असे आपण म्हणतो. आमचे कृष्णेत न्हाले.

राजा मामांकडे रमला. घोड्याला एकट्याने करमत नाही, त्याला सोबत लागते. ती म्हशीने केली, म्हणजे तिने त्याच्याकडे संपूर्ण दुर्लक्ष केले. नवीन शाखेत बदली झाल्यावर जुना स्टाफ आपले स्वागत करतो तसे. आषाढात बेंदूर आला. पोरे रंगाचे डबे घेऊन गोठ्यात आली आणि पंचाईत झाली, कारण राजाला शिंगे नाहीत. शेवटी त्यांनी त्याचे चारही खूर हिंगुळाने रंगवले आणि आयाळीत गोंडे बांधले. मामांनी त्याला पुरणपोळीचा घास दिला. चाचा मिरजेहून रिक्षाने आले होते. सव्वाशे किलोमीटर, मीटर न टाकता.

चाचांचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. त्यांची फाईल वर आली की त्या रकान्याशी माझी नजर अडते. कॉलेजात घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. एकीत दरसाल सारखी रक्कम वजा होते आणि किंमत एक दिवस शून्यावर येते. दुसरी घटत्या शिल्लकेची. तीत दरवर्षी, जे उरले त्यातले थोडे कमी करायचे. त्या पद्धतीने किंमत घटत जाते, पण शून्य कधीच होत नाही. परीक्षेत मला दोन्ही येत होत्या. त्या दिवशी टेबलावर मी चुकीची वापरली.

मंजूर झालेल्या फाईलमध्ये खाडाखोड करायची नसते. पूर्वदाखला नाही.